लाटेचा सातबारा कोणाच्या नावावर?

१/
लॉस अँजेलिसच्या पंक संगीताचा इतिहास सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. हॉलीवूडमध्ये पंक सुखाने नांदत होते. मग समुद्रकाठचे सर्फर आले, त्यांनी मारामाऱ्या आणल्या आणि सगळे बुडवले. ही गोष्ट ऐकायला सोपी आणि सांगायला सोयीची आहे. मात्र ती निम्मीच खरी आहे. हा धागा तिच्या खोट्या निम्म्याविषयी आहे, आणि ते खोटे कोणाच्या फायद्याचे आहे त्याविषयीही.

२/
आधी प्रकरण काय ते पाहू. १९७८ च्या सुमारास लाँग बीच आणि त्याला लागून असलेल्या ऑरेंज काउंटीच्या किनारपट्टीवर सर्फिंग करणाऱ्या पोरांनी एक हार्डकोअर पंक बँड काढला. नाव ठेवले 'व्हिशस सर्कल', म्हणजे दुष्टचक्र. गायक जॅक ग्रिशम, ड्रमवर टॉड बार्न्स. बँड जेमतेम दोनेक वर्षे टिकला. हयातीत त्याची एकही तबकडी निघाली नाही. मागे उरली ती फक्त कीर्ती: यांच्या कार्यक्रमात गाणे कमी, रक्त जास्त. या हिंसेचे धागेदोरे अंगाशी आल्यावर ग्रिशम काही काळ अलास्काला निघून गेला. १९८० मध्ये त्याने आणि बार्न्सने मिळून टी.एस.ओ.एल. हा नवा बँड उभा केला.

३/
ज्या बँडची तबकडीच नाही, त्याचा इतिहास कशावरून लिहायचा? साक्षींवरून. आणि साक्षीदार प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. हॉलीवूडची जुनी मंडळी म्हणतात, ते रानटी होते. किनाऱ्यावरची जुनी मंडळी म्हणतात, होय, होतोच, आणि काय दिवस होते ते! दोन्ही बाजूंचे एकमत झाले म्हणजे गोष्ट सिद्ध झाली, असे वाचकाला वाटते. परंतु फिर्यादी आणि आरोपी एकाच कहाणीवर खूश असतील, तर न्यायाधीशाने अधिकच सावध व्हायला हवे.

४/
प्रथम फिर्यादीची बाजू. हिंसा सर्फरांनी आणली, हा आरोप तारखांवर घासून पाहावा. १७ मार्च १९७९ रोजी मॅकआर्थर पार्कजवळच्या एल्क्स लॉज या सभागृहात पंक कार्यक्रम होता. द गो-गोज, द ॲली कॅट्स, द प्लग्झ अशी नावे त्या रात्रीच्या यादीत होती. हे सारे हॉलीवूडच्या वर्तुळातले बँड. हार्डकोअरचा बोलबाला तेव्हा अजून व्हायचा होता. त्या रात्री दंगलविरोधी साज चढवलेले पोलीस आत घुसले आणि जिन्यावर, दालनात जो दिसेल त्याला त्यांनी लाठीने झोडपले. ही लाठी कोणा सर्फरने समुद्रावरून आणलेली नव्हती.

५/
आता आरोपीची बाजू, म्हणजे किनाऱ्याचा अभिमान. हार्डकोअर आम्हीच जन्माला घातले, असे तिकडचे लोक छाती पुढे काढून सांगतात. वास्तविक या अतिवेगवान संगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांत जिचे नाव घेतले जाते, ती 'आउट ऑफ व्होग' काढली 'मिडल क्लास' या बँडने. हा बँड सांता आनाचा, म्हणजे समुद्रापासून आत असलेल्या शहरातला. हर्मोसा बीचच्या 'ब्लॅक फ्लॅग'ने जानेवारी १९७९ मध्ये आपली पहिली तबकडी काढली. तिच्यावरचे एसएसटी हे नाव ग्रेग गिनच्या जुन्या व्यवसायाचे: 'सॉलिड स्टेट ट्रान्समीटर्स', हौशी रेडिओवाल्यांसाठी विजेची उपकरणे. हार्डकोअरचा वेग लाटेवरून जितका आला, त्याहून अधिक तो गॅरेजमधून आणि रेडिओच्या सुट्या भागांतून आला.

६/
मग सर्फर पोरांनी नेमके काय आणले? तीन गोष्टी: गर्दी, नाच आणि हद्द. पहिल्या दोन गोष्टींबद्दल भरपूर लिहिले जाते. तिसरीबद्दल फारच कमी. आणि खरे प्रकरण तिसऱ्या गोष्टीत आहे.

७/
गर्दी कोठून आली ते जनगणना सांगते. हंटिंग्टन बीचची लोकसंख्या १९६० मध्ये ११,४९२ होती. १९७० मध्ये १,१५,९६०. १९८० मध्ये १,७०,५०५. दहा वर्षांत दहापट. काही भर हद्दवाढीने पडली, बरीचशी नव्या गृहवसाहतींनी. सबंध ऑरेंज काउंटीत १९५० मध्ये २,१६,२२४ माणसे होती, १९८० मध्ये १९,३२,७०९. एकसारखी घरे, एकसारखे रस्ते, आणि त्या घरांत एकाच वेळी वयात आलेली हजारो मुले.

८/
जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केले. स्थावर मालमत्तेवरील कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला गेला आणि या करातून स्थानिक संस्थांना मिळणारे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. कात्री शाळांना, ग्रंथालयांना, मुलांच्या उन्हाळी उपक्रमांना लागली. घरमालकांचा कर वाचला. मुलांच्या जाण्याच्या जागा कमी झाल्या. हॉलीवूड साठेक किलोमीटर दूर. तेव्हा या मुलांनी आपले अड्डे जवळच शोधले: कोस्टा मेसाचा 'कुकूज नेस्ट', रिडोंडो बीचचा 'फ्लीटवुड', आणि कोणाचे आईबाप बाहेरगावी गेले असतील त्याचे घर.

९/
आता हद्द. सर्फिंगमध्ये एका लाटेवर एका वेळी एकाचाच हक्क मानला जातो. लाट जिथे फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. चांगल्या लाटा फुटण्याच्या जागा मोजक्या. १९५९ मध्ये 'गिजेट' हा चित्रपट आला आणि किनाऱ्यावर माणसांचा पूर लोटला. लाटा तेवढ्याच राहिल्या, घेणारे वाढले. त्यातून 'स्थानिकांपुरते' हा नियम कडक झाला. बाहेरचा आला तर त्याला पाण्यात धमकवायचे, त्याच्या गाडीच्या काचेला मेण फासायचे, चाकातली हवा सोडायची, आणि वेळ पडल्यास ठोकून काढायचे. पोलीस पाण्यात येत नसत. न्याय हातातच होता.

१०/
पण या 'स्थानिकां'च्या लाटेचा सातबारा तरी कोणाच्या नावावर आहे? सर्फिंग ही हवाईच्या लोकांची विद्या. हवाईत जन्मलेला आणि आईकडून मूळ हवाईवासीयांचे रक्त असलेला जॉर्ज फ्रीथ १९०७ मध्ये कॅलिफोर्नियात आला. हेन्री हंटिंग्टन या रेल्वेसम्राटाने त्याला रिडोंडो बीचवर लाटेवर उभे राहून दाखवण्याच्या कामावर ठेवले. हेतू साधा होता: लोकांनी हंटिंग्टनच्या गाड्यांत बसून समुद्रावर यावे आणि त्याच्या जमिनी विकत घ्याव्यात. हंटिंग्टन बीचला नाव याच गृहस्थाचे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर पुढे 'बाहेरच्यांनी येऊ नये' असे बजावले गेले, तिथली कला बाहेरची होती आणि ती आणली गेली ती बाहेरच्यांना बोलावण्यासाठीच.

११/
जमिनीची कहाणी याहून कडू आहे. हर्मोसा बीचला लागून मॅनहॅटन बीच आहे. तिथे १९१२ मध्ये विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने समुद्रकाठी जागा घेऊन कृष्णवर्णीयांसाठी विश्रामस्थान चालवले. शेजाऱ्यांनी छळ केला. १९२४ मध्ये नगरपालिकेने उद्यानाचे निमित्त करून भूसंपादनाची कारवाई सुरू केली आणि त्यांना उठवले. त्यानंतर कित्येक वर्षे ती जागा तशीच पडून होती. वारसांच्या हाती ती परत पडली २०२२ मध्ये. 'स्थानिक' हा शब्द वापरताना हे विसरू नये. अनेकदा इतरांना हाकलून झाल्यावर जे उरतात, तेच स्वतःला स्थानिक म्हणवतात.

१२/
याच मॅनहॅटन बीचच्या पॉलिवॉग पार्कमध्ये २२ जुलै १९७९ रोजी 'ब्लॅक फ्लॅग'चा दिवसाउजेडी कार्यक्रम झाला. सहलीला आलेल्या कुटुंबांनी डबे उघडून जे हाती लागेल ते बँडवर फेकले. इथे पंक पोरे 'बाहेरची' ठरली, तीही आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हद्दीचा नियम असा असतो. आज जो तो राबवतो, उद्या तोच त्याखाली चिरडला जातो.

१३/
आणि मग हाच नियम ही पोरे स्वतः नाचाच्या जमिनीवर घेऊन आली. हॉलीवूडमध्ये लोक जागच्या जागी उड्या मारत. किनाऱ्याहून आला तो 'हंटिंग्टन बीच स्ट्रट': हात फिरवत, खांदे आदळत, गोल गोल फिरायचे. पुढे त्यालाच 'स्लॅम' म्हणू लागले. रंगमंचासमोरची दहा-पंधरा फुटांची पट्टी म्हणजे नवी लाट झाली. तिच्यावर हक्क कोणाचा? जो सर्वांत दणकट त्याचा. परका दिसला, केस लांब असले, कपडे वेगळे असले, की ठोसा. 'व्हिशस सर्कल'चे कार्यक्रम या नियमाचे टोक होते.

१४/
म्हणजे समुद्रच माणसाला रानटी करतो का? मुळीच नाही. त्याच हंटिंग्टन बीचमध्ये, त्याच वर्षांत, त्याच लाटांवर वाढलेला 'द क्राउड' नावाचा बँड होता. त्यांचे कपडे भडक रंगांचे, गाणी सुरेल. १९७९ च्या 'बीच बुलेव्हार्ड' या संकलनात ती ऐकायला मिळतात. एकच किनारा, एकच वय, एकच खेळ, आणि वळणे दोन. हिंसा ही निवड होती. किनाऱ्याच्या हवेवर तिचे खापर फोडणे म्हणजे जे मारत होते त्यांना मोकळे सोडणे, आणि ज्यांनी मारले नाही त्यांना त्यांच्या रांगेत उभे करणे.

१५/
या निवडीची किंमत कोणी मोजली? १९७७ पासून उभ्या राहिलेल्या हॉलीवूडच्या पंकमध्ये स्त्रिया होत्या, मेक्सिकन वंशाचे तरुण होते, समलिंगी होते. प्रेक्षकांत होते तसे रंगमंचावरही. पूर्व लॉस अँजेलिसमधून आलेली ॲलिस बॅग ही 'द बॅग्ज'ची गायिका. रंगमंचावर तिच्याइतकी धग फार थोड्यांत होती. पुढची पट्टी जसजशी दणकट पोरांच्या ताब्यात गेली, तसतशा मुली मागे सरकल्या, मग भिंतीला टेकल्या, मग यायच्या थांबल्या. यासाठी कोणतेही फर्मान निघाले नाही. कोपर पुरेसे होते.

१६/
दुसरे उदाहरण 'वेक्स'चे. १९८० मध्ये पूर्व लॉस अँजेलिसमधल्या 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' या चिकानो कलाकेंद्रात हा पंक अड्डा सुरू झाला. हॉलीवूडच्या दारांतून ज्यांना सहज आत घेतले जात नव्हते, अशा बँडना तिथे जागा मिळाली. एका कार्यक्रमाच्या रात्री केंद्रातल्या वस्तूंची आणि कलाकृतींची मोडतोड झाली आणि अड्ड्याला तिथून बस्तान हलवावे लागले. तोडफोड कोणी केली यावर आजही वाद झडतात. तो वाद जरूर व्हावा. पण नुकसान कोणाचे झाले, यात वादाला जागा नाही: ज्यांच्यापाशी आधीच एकच खोली होती, त्यांची तीही गेली.

१७/
योगायोग असा, की २०११ या एकाच वर्षी दोन आत्मचरित्रे आली. ग्रिशमचे 'ॲन अमेरिकन डेमन' आणि ॲलिस बॅगचे 'व्हायोलन्स गर्ल'. दोन्हींच्या केंद्रस्थानी हिंसा आहे. ग्रिशम स्वतःला माणसाच्या कातडीतला राक्षस म्हणून उभा करतो आणि आपली दुष्कृत्ये त्याच आवाजात सांगतो. बॅगच्या पुस्तकात हिंसा घरातून सुरू होते, आईला मारणाऱ्या बापापासून. जिने हिंसा लहानपणी जेवणाच्या टेबलाशी पाहिली, तिला ती रंगमंचावर आणताना तिचे वजन ठाऊक होते. या काळाचा अभ्यास करणाऱ्याने ही दोन पुस्तके शेजारी ठेवूनच वाचावीत. प्रत्यक्षात दंतकथा म्हणून फिरतात त्या पहिल्या प्रकारच्या गोष्टी. राक्षसाची गोष्ट सांगायला मजा येते. भिंतीला टेकलेल्या मुलीची गोष्ट सांगायला येत नाही.

१८/
ग्रिशमला न्याय द्यायचा तर पुढचेही सांगायला हवे. टी.एस.ओ.एल.ने १९८१ मध्ये राजकीय गाण्यांची तबकडी काढली. त्याच वर्षी 'डान्स विथ मी'मध्ये त्यांचा सूर काळोखी झाला, आणि १९८२ च्या 'बिनीथ द शॅडोज'मध्ये तर कीबोर्ड आला. गायक चेहरा रंगवून, कधी बायकी कपड्यांत रंगमंचावर येऊ लागला. जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही. जानेवारी १९८३ मध्ये सनसेट बुलेव्हार्डवरील कार्यक्रमाला पोलिसांनी वेढा घातला, तेव्हा ग्रिशमने जमावाला खाली बसायला सांगितले. लोक बसले. तरीही पोलीस तुटून पडले. ज्याची ख्याती मारामाऱ्या लावण्याची, त्याने लोकांना बसवले आणि ज्यांचे काम शांतता राखण्याचे, त्यांनी लाठी उगारली.

१९/
म्हणजे दुष्टचक्र ज्याने सुरू केले तोच त्यातून बाहेर पडू पाहत होता. त्याला आत ढकलू पाहणारे दोघे होते: पोलीस आणि चाहते. आजही 'खरा' ग्रिशम 'व्हिशस सर्कल'चाच, असे म्हणणारे भेटतात. त्यांना त्याची गाणी ठाऊक नसतात, कारण त्या बँडची तबकडी नाही. त्यांना ठाऊक असते ती फक्त मारामारी. अल्पायुषी बँडविषयीच्या भक्तीत हाच दोष आहे. जे ऐकायला मिळत नाही ते कधी निराश करत नाही. पुराव्याच्या अभावालाच मोठेपणाचा पुरावा मानले जाते.

२०/
हॉलीवूडच्या मंडळींनाही मोकळे सोडता येणार नाही. तिथल्या पंकचे मुख्य तळघर 'द मास्क' १९७७ मध्ये सुरू करणारा ब्रेंडन मुलन जन्माने स्कॉटलंडचा. 'एक्स' या बँडचा जॉन डो बाल्टिमोरहून आलेला. ही माणसे परगावाहून आली, हे त्या चळवळीचे भाग्यच. पण उपनगरातली पोरे आली तेव्हा त्याच वर्तुळातून त्यांना अडाणी, नकली, उशिरा आलेले म्हणून हिणवले गेले. डब्यात आधी शिरलेल्याने दाराशी लोंबकळणाऱ्याला 'आत जागा नाही' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. 'स्थानिकांपुरते' ही पाटी समुद्रावर लागली तशी तळघराच्या दारावरही होती; तिथे ती अधिक सुशिक्षित अक्षरांत लिहिलेली होती एवढेच.

२१/
या दोन पाट्या सारख्याच वाईट होत्या काय? नाही. हिणवणे आणि हाड मोडणे यांत फरक आहे आणि तो पुसून टाकणारा इतिहास बेइमान ठरेल. उपनगरातल्या मुलाला हॉलीवूडने नाक मुरडले, म्हणून एखाद्या मुलीच्या बरगडीत कोपर मारण्याचा हक्क त्याला मिळत नाही. परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे: आधी आलो म्हणून मालक झालो, हा समज. आणि आज इतिहासप्रेमी म्हणवणारे जेव्हा 'खरे पंक' कोणते यावर हमरीतुमरीवर येतात, तेव्हा तेही नकळत तीच पाटी रंगवत असतात.

२२/
म्हणून अशा बँडची गोष्ट पुढे सांगताना तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट सांगणारा त्या रात्री कोठे उभा होता? त्याच्या शौर्याच्या वर्णनात मार खाणाऱ्याला नाव आहे का? आणि त्या रात्रीनंतर कोण परत आले नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आत्मचरित्रांत मिळते. दुसऱ्याचे क्वचित. तिसऱ्याचे उत्तर जे आले नाहीत त्यांनाच विचारावे लागते, आणि तेच सर्वांत कमी वेळा विचारले गेले आहे.

२३/
'व्हिशस सर्कल'ची त्या काळातली तबकडी शोधून सापडणार नाही. 'द बॅग्ज'ची मात्र आहे: १९७८, डेंजरहाउस कंपनी, दोन बाजूंना दोन गाणी. लॉस अँजेलिसच्या पंकचा इतिहास ज्याला जाणून घ्यायचा आहे, त्याने मारामारीच्या आठवणी वाचण्याआधी ती दोन गाणी ऐकावीत. पुढच्या पट्टीतून कोणाला हटवले गेले, ते तिथे ऐकू येते.